टेकट्रॉनिक्स ४६५ : रेंज बदलली की स्क्वेअर वेव्हचा कोपरा गोल होतोय

खटपट्या :
मंडळी, टेकट्रॉनिक्सचा एक जुना ४६५ ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) हाती लागलाय, ट्रेस म्हणजे पडद्यावरची रेष झकास, ट्रिगरपण (चित्र स्थिर धरणारा भाग) व्यवस्थित. पण चॅनल १ ला एका खान्याला ५, १०, २० मिलिव्होल्ट या रेंजवर १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह मस्त चौकोनी दिसते आणि ५० ला गेलं की पुढचा कोपरा गोल, १०० आणि २०० लापण तेच, ५०० आणि १ व्होल्टला परत ठीक. नॉब थोडा हलवला की कधीकधी टुणकन नीट होते. अ‍ॅटेन्युएटरचे (सिग्नल लहान करणाऱ्या भागाचे) ट्रिमर, म्हणजे स्क्रूने फिरणारे छोटे कपॅसिटर, फिरवू की आधी काँटॅक्ट स्प्रे मारू?

सोल्डरवाला :
दोन्ही नको भाऊ! ५०, १००, २०० या तिन्हीत दहाचा (सिग्नल दहापट लहान करणारा) एकच डिव्हायडर मध्ये येतो, घोळ तिथेच. नॉब हलवून बरं होतंय म्हणजे काँटॅक्ट मळलेत, ट्रिमर बिचारा जागेवरच आहे. कव्हर काढलंस की नॉबच्या दांड्यावर कॅम (उंचवटे असलेला फिरता रूळ) दिसेल, त्याच्या उंचवट्यांवर बारीक सोनेरी पट्ट्या वरखाली होतात. साध्या कागदाची पट्टी आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवून मिटलेल्या काँटॅक्टमधून अलगद ओढ, सोनेरी पट्टी वाकली तर संपलं, आणि पॉलिश पेपर वगैरे चुकूनही लावू नकोस, मुलामा जाईल. स्प्रेचा तेलकट थर राहतो, १ मेगओहमच्या इनपुटला तो चालत नाही.

रेडिओकाका :
बरोबर. त्याआधी एक सोपी टेस्ट करून घे, डीसी कपलिंगवर (स्थिर व्होल्टेजही आत जाऊ देणाऱ्या सेटिंगवर) ट्रेस सगळ्यात खालच्या रेषेवर आण आणि २०० मिलिव्होल्टला एक पेन्सिल सेल लाव, दीड व्होल्टला साडेसात खाने वर जायला हवा (सेल मीटरने मोजून घे रे, नवा असेल तर जास्तच निघतो). डीसी चुकलं तर रेझिस्टर किंवा काँटॅक्ट. डीसी बरोबर आणि फक्त कोपरा बिघडलेला तर कपॅसिटरची बाजू, कारण डिव्हायडरच्या वरच्या आणि खालच्या भागाचं आर गुणिले सी (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) सारखं असेल तरच वेव्ह चौकोनी राहते.

खटपट्या :
काका, साफ करूनही कोपरा थोडा गोल राहिला तर?

रेडिओकाका :
मग ट्रिमर. पण दहाच्या डिव्हायडरला दोन असतात. एकाने कोपरा नीट होतो, तो सिग्नल थेट केबलने देऊन लाव. दुसरा इनपुट कपॅसिटन्सचा, तो १०एक्स प्रोब (सिग्नल दहापट लहान करून आणणारी मोजणीची वायर) लावून, आणि प्रोब आधी ५ मिलिव्होल्टवर कॉम्पेन्सेट केलेला, म्हणजे त्याचा स्क्रू फिरवून वेव्ह चौकोनी केलेली, हवा, नाहीतर पुढे रेंज बदलली की दरवेळी प्रोबचा स्क्रू पिळत बसशील. स्क्रूड्रायव्हर प्लास्टिकचाच घे.