अनुभव धागा : खळाळत्या पाण्यात वल्हवणाऱ्यांनो, नदी वाचायला कुठे शिकलात?

राफ्टमध्ये नुसतं ओरडायचे दिवस सरले, पण अवघड रॅपिडमध्ये (खडकांमुळे पाणी उसळतं अशा वेगवान पट्ट्यात) स्वतः वाट काढायचा भरवसा अजून नाही. अशा मधल्या टप्प्यावरच्या सगळ्यांसाठी हा धागा. सुरुवात मी करते.

माझी नदी कुंडलिका. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली येतं. सकाळी ते सोडलं की कोलाडजवळचा पट्टा भरून वाहू लागतो, म्हणून उन्हाळ्यातही इथे वल्हवता येतं. पाणी चढण्याआधी मी काठावरून खडक बघून ठेवते. थोड्या वेळानं ते बुडतात आणि त्यांच्या जागी लाटा उठतात. कोणती लाट कुठल्या दगडाची, हे डोळ्यांत बसलं की परक्या नदीवरही लाटेखालचा दगड ओळखू येतो. शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याहून
ताई, अगदी पटलं. कायाकवाल्यांनी (एकट्यानं वल्हवायच्या निमुळत्या होडीवाल्यांनी) मात्र राफ्टच्या मागे धावू नये, एडीतून एडीत जावं. एडी म्हणजे खडकाच्या पाठीमागे पाणी उलटं फिरतं ती जागा, तिथे थांबून पुढची वाट बघता येते. पुन्हा धारेत शिरताना कायाक प्रवाहाच्या दिशेनं कलवायची. ती वरच्या अंगाला कलली, तर पाणी कडेवर चढतं आणि क्षणात उलटवतं. खडकावर आदळणारच असाल, तर खडकाकडेच झुका. अंग मागे घेतलं की हमखास पालथे.

ऋषिकेशला नेहमी जाणारा
गंगेवर शिवपुरीच्या खालचे 'रोलर कोस्टर', 'गोल्फ कोर्स' हे रॅपिड जमले, म्हणून वरच्या पट्ट्यातल्या 'द वॉल'ला हलकं घेऊ नका. आमचा गट आधी काठावर उतरून ती बघतो. ज्याचं मन होत नाही तो चालत पुढे जातो, आणि त्याला कुणी चिडवत नाही. हा नियम प्रत्येक गटानं पाळावा, असं मनापासून वाटतं.

कॅलिफोर्नियातून
इथे साउथ फोर्क अमेरिकन नदीही धरणाच्या पाण्यावर चालते. १८४८ मध्ये जिथे सोनं सापडलं त्या कोलोमा गावाच्या वरच्या बाजूला 'ट्रबलमेकर' रॅपिड आहे. वरून बघताना खाली निमुळती होत गेलेली गुळगुळीत पाण्याची जीभ दिसली, तर तो रस्ता. टोक तुमच्याकडे असेल, तर त्या टोकाशी दगड.

नाशिकहून
पडल्यावर काय करायचं, तेही लिहा ना. आमच्या प्रशिक्षकांनी पोहण्याआधी तेच शिकवलं : पाठीवर आडवं व्हायचं, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला. वाहत्या पाण्यात गुडघाभर खोली दिसली तरी उभं राहायचं नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला की पाणी माणसाला पुढे लोटून तोंडावर पाडतं.

धागाकर्ती
नाशिककर, हे फार मोलाचं लिहिलंत. दोरीची पिशवी फेकून माणूस कसा ओढायचा, ते सराव असलेल्या कुणीतरी लिहाल का? नुसती पिशवी सोबत ठेवून भागत नाही.