बजरीगरांची किलबिल गाण्याच्या आवडीची की त्रासाची, हे कसे ओळखावे?

नमस्कार मंडळी. आमचे घर मूर्तिजापूर तालुक्यातील एका खेड्यात असून ओसरीवरच्या पिंजऱ्यात दोन वर्षांपासून चार बजरीगर आहेत. (बाजारात ते लव्हबर्ड म्हणूनच विकले जातात. आपल्याकडचा पोपट पाळण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून हे ऑस्ट्रेलियाचे पाहुणे आणले.) वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूरचाच, त्यामुळे त्यांची ध्वनिमुद्रणे आमच्याकडे रोज लागतात. ती लागली की चौघेही जोरात किलबिलू लागतात आणि ‘आमच्या पाखरांना गाणे कळते’ असे मी वर्षभर कौतुकाने सांगत आलो. शेजारचे काका मात्र म्हणाले, “पाखराईले काय समजते राग अन् ताल? तुमी कूलर लावला तरी थे असेच ओरडतेत.”

ते बोलणे मनाला लागले, म्हणून मे महिन्यात बारकाईने लक्ष ठेवले, तर कूलर किंवा मिक्सर सुरू झाल्यावरही तितकाच किलबिलाट होतो, हे मान्य करावे लागले. भोवतीचा गोंगाट वाढला की बजरीगर आपलाही आवाज चढवतात, असे प्रयोगांत आढळल्याचे नंतर वाचनात आले. कूलरच्या घरघरीवर मात करण्यासाठी मी गाणे मोठे करीत होतो आणि त्या दोहोंवर मात करण्यासाठी पाखरे!

पुढे एका दुपारी भारनियमनामुळे कूलर बंद असताना तेच ध्वनिमुद्रण मोबाइलवर अगदी हळू लावले. विलंबित ख्याल चालू असेपर्यंत ते जवळजवळ गप्प होते. पिसे सैल सोडून, एक पाय पोटाशी घेऊन, चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर घासत बसले होते आणि तो करकर असा बारीक आवाज मला हातभरावरून ऐकू येत होता. ही स्वस्थतेची खूण मानतात. द्रुत तराना सुरू होताच मात्र पिसे अंगाला चिकटली, माना ताठ झाल्या आणि चौघेही वरच्या दांडीच्या एका कोपऱ्यात दाटले.

बजरीगरांचे कान साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतात. मग खर्जातली आलापी त्यांच्यापर्यंत कितपत पोहोचत असेल, आणि त्यापेक्षा बासरी किंवा सारंगी लावणे बरे का? रोज किती वेळ लावावे? त्यांना रात्री १० ते १२ तास अंधार व शांतता लागते, म्हणून दिवेलागणीनंतर मी काहीच लावत नाही.

खरी काळजी हिरव्या नराची आहे. पंधरा दिवसांपासून तो छातीची पिसे स्वतःच उपटतो आहे आणि रुपयाएवढी जागा उघडी पडली आहे. गावातले डॉक्टर गाई-म्हशींचे पाहतात. पाखराचा अनुभव नसल्याचे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. कूलरपासून दूर म्हणून पिंजरा मागच्या खोलीत हलवला आहे, पण तिथे उकाडा अधिक आहे. हे उपटणे आवाजामुळे असेल, उन्हामुळे असेल की पिसांतल्या किडीमुळे, हे घरच्या घरी कशावरून ठरवावे? अकोला किंवा अमरावतीला पाखरे तपासणारे कोणी आहे का?