पर्यावरणात मास्टर्स: पुण्यातच करू की बाहेर जाऊ?

पुरंदरची_पोर:
नमस्कार मंडळी, यंदा बीएस्सी बॉटनी संपतंय, पुण्यात हॉस्टेलला असते. घरची सासवडजवळ थोडी कोरडवाहू जमीन आहे, सीताफळ, अंजीर आणि बाकी माळ. मला असं शिकायचंय की नुसतं प्रदूषण मोजत बसायचं नाही, बिघडलेली माती, ओढे, माळ परत नीट करायचे, ते रिजनरेटिव्ह म्हणतात तसं. परदेशात या नावाचे कोर्स दिसतात पण कर्ज काढावं लागेल आणि बाबा म्हणतात पर्यावरण करून नोकरी कोण देणार. इथे विद्यापीठात एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्स आहे, भारती विद्यापीठातही आहे. कोणी केलंय का?

टेकडीवाला:
मी केलंय एमएस्सी. साधारण पाणी-हवा-मातीच्या टेस्ट, बीओडी सीओडी (पाणी किती घाण आहे ते मोजायच्या चाचण्या), कायदे, ईआयए (एखाद्या प्रकल्पाने पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास), जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे) असं असतं, रिस्टोरेशनला फार वेळ मिळत नाही. पण शेवटचा प्रोजेक्ट आपला असतो, त्यामुळे कॉलेजपेक्षा गाईड बघ, तो मातीत उतरणारा आहे का ते विचार. आणि एक कळकळीने सांगतो, तुमच्याकडचा माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे, ते गवताळ रान आहे, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठीच आहे ना. तिथे खड्डे खणून झाडं लावली की माळ सुधारत नाही, मोडतो. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलं, लांबून हिरवं दिसतं पण मूळची गवतं आणि झुडपं मागे पडली. आधी काय होतं हे ओळखायला शिकवणारा मास्तर शोध.

निशा_के:
नोकरीचं बाबांना सांग की शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर रिपोर्ट (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल) सक्तीचा केलाय, त्यामुळे पाणी, वीज, कचऱ्याचा हिशोब ठेवणारी माणसं लागतात. मी तेच करते. काम चांगलं आहे पण दिवसभर एक्सेल, शेताचा बांध दिसत नाही. तुझं मन मातीत असेल तर हे फक्त पोटापाण्याची सोय म्हणून धर.

पाणलोटकाका:
पोरी, बाहेर जाऊच नको असं मी म्हणणार नाही, पण तिथे काय शिकवतील ते समजून घे. माती झाकून ठेवा, कमी नांगरा, जमिनीत सतत जिवंत मुळं ठेवा, पिकं बदला, जनावरं जोडा, हे तत्त्व सगळीकडे खरं. आपल्याकडे मात्र पाऊस चार महिन्यांत उरकतो, पुढे आठ महिने कोरडे, मग जिवंत मुळं ठेवायला पाणी कुठून आणायचं? काळ्या खडकात पाणी फटी-भेगांतच साठतं, आणि एकाच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते. म्हणून इथे माती सुधारणं म्हणजे गावाने पाणी वाटून घेणं आलं. हिवरे बाजारला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात, शेतीसाठी बोअर बंद. हे वर्गात कळत नाही. पाणलोटाचं काम करणारी वॉटर (WOTR) आणि भूजलाचा अभ्यास करणारी अ‍ॅक्वाडॅम या संस्था पुण्यातच आहेत, ग्रामविकासाचं काम करणारी बाएफ उरुळी कांचनला, कुठेतरी इंटर्नशिप कर. नेरळला सगुणा पद्धतीचा भात बघून ये, गादीवाफ्यावर, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच. तणनाशक वापरतात त्यावर वाद आहे, तोही ऐक. आणि घरच्या मातीचा सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून, शेणातून येणारा कार्बन) आत्ताच तपासून घे, 0.5 टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी.

पुरंदरची_पोर:
काका खूप आभार, माती पुढच्या सुट्टीत देते तपासायला. बाहेरचं सध्या बाजूला ठेवते. नोकरी करता करता होईल असं काही आहे का?

टेकडीवाला:
इकॉलॉजिकल सोसायटीचा कोर्स बघ, प्रकाश गोळे सरांनी 1982 मध्ये सुरू केलेली पुण्यातली संस्था. नैसर्गिक साधनसंपत्तीचं शाश्वत व्यवस्थापन आणि निसर्गसंवर्धन असा विषय, फिल्ड व्हिजिटही असतात. तुला हवं ते बहुतेक तिथेच आहे. पण पीएचडी, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) डोक्यात असेल तर एमएस्सी लागणारच. बॅच कधी, वेळा काय हे फोन करून विचार, आणि बाबांनाही एखाद्या फिल्ड व्हिजिटला नेता येतं का तेही विचार.