स्क्रॅपमधलं एचएमएस (हेवी मेल्टिंग स्टील, वितळवायचं जाड स्टीलचं भंगार) १ आणि २ म्हणजे नक्की काय?

उद्यमनगरकर: भंगारवाला ८०:२० म्हणून रेट सांगतोय, हे काय असतंय?

शिरोलीवाला: भावा, ८० टक्के एचएमएस १ आणि २० टक्के २. एक नंबर म्हणजे साधारण ६ एमएमच्या वरचा जाड माल, जस्त चढवलेला (गॅल्वनाईज्ड) पत्रा चालत नाही, दोन नंबर ३ एमएमपासून आणि त्यात गॅल्वनाईज्ड पण येतो, भट्टीत टाकला की पांढरा धूर.

उद्यमनगरकर: आणि बीड?

गोकुळ शिरगाव: बीड म्हणजे ओतीव लोखंड (कास्ट आयर्न), ते वेगळंच, कार्बन २ टक्क्याच्या वर. घण घातला की तुटतं, आत करडं दाणेदार दिसतं, स्टील नुसतं वाकतं. एसजी कास्टिंग (ग्राफाइट गोळ्यांसारखं असलेलं ओतीव लोखंड) करणार असशील तर सीआरसी (थंड लाटलेल्या) पत्र्याचं स्क्रॅप बघ, मँगनीज कमी. बोरिंग (मशीनवर निघणारा लोखंडाचा कीस) तेलकट असलं तर घेऊच नकोस, वजन तेलाचंच भरतंय!