विषय: कोल्हापूरच्या कॉम्प्युटरवरचा अँटीव्हायरस निघता निघेना

प्रेषक: राजारामपुरीकर
शनिवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी,
ही वर्गणीची मेल नाही, घाबरू नका. घरचं दुखणं आहे.

आण्णांनी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्यांच्या तालमीच्या आठवणी टाइप करायला घेतल्यात. चाळीसेक पानं झालीत. त्यासाठी एका ओळखीच्यानं पेन ड्राइव्हवर मराठी टायपिंगचं 'फुकटातलं' पॅकेज आणून दिलं. अँटीव्हायरस बोंबलायला लागला, तर तो म्हणाला, पाच मिनिटं बंद ठेवा. पुढचं ओळखलंच असेल. ब्राउझर उघडला की जुगाराच्या जाहिराती, मशीन गोगलगाय, आणि अँटीव्हायरसच्या बिल्ल्यावर लाल फुली. तो उघडत नाही, काढायला जावं तर 'फाइल सापडत नाही' म्हणतो. भाच्यानं दुसरा घालून बघितला, तर तो म्हणतो आधी पहिला काढा. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, चालू करावा, तर तो म्हणतो तुमच्याकडे दुसरा आहे.

दुकानदार म्हणतो फॉरमॅट, आणि फायली राहतील याची खात्री नाही. पानांची दुसरी कॉपी नाही. काय करू?

प्रेषक: पेठकर
शनिवार, सकाळी १०.०५

भावा, पानं तेवढी पेन ड्राइव्हवर घे, फॉरमॅट मार आणि मोकळा हो. मेलेल्या सॉफ्टवेअरचा नाद करायचा न्हाय.

प्रेषक: सपोर्टवाल्या काकू
शनिवार, सकाळी ११.२०

पेठकर, तुझं अगदीच चूक नाही, पण त्या मशीनला आत्ता पेन ड्राइव्ह लावला तर घाण त्याच्यावरही येईल. फायली काढायच्याच, पण कुठल्या आणि कशा ते बघून. प्रोग्रॅम एकही उचलायचा नाही.

राजारामपुरीकर, आधी नेटची वायर काढायला सांग. नंतर आण्णांच्या फोनवरून, कॉम्प्युटरवरून नव्हे, मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला आणि मेलमधून सगळ्या ठिकाणचं लॉगिन बंद करा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड ही असली जनावरं पहिल्यांदा उचलतात. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० ला फोन.

आता तुझा अँटीव्हायरस. हा साधा प्रोग्रॅम नसतो. विंडोजच्या पार तळाशी स्वतःचे ड्रायव्हर ठोकतो, कुणी आपल्याला काढू नये म्हणून स्वतःभोवती कुंपण घालतो आणि 'पहारा माझ्याकडे' अशी विंडोजकडे नोंद करतो. नोंद असेपर्यंत डिफेंडर बाजूला बसतो. व्हायरसनं याच्या निम्म्या फायली उडवल्या, त्यात काढायची फाइलही गेली. नोंद आणि कुंपण मात्र तसंच राहिलं. राखणदार मेला, पण खुर्ची सोडेना. म्हणून वरून दुसरा घालायचा हट्ट सोडा. दोन अर्धवट अँटीव्हायरस म्हणजे मशीन सुरूच न होण्याची सोय.

दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर, कोऱ्या पेन ड्राइव्हवर दोन गोष्टी उतरवून घ्या. एक माइक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर: फुकट आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही, दुसरा अँटीव्हायरस असला तरी चालतो. उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, तेव्हा जुना पडलेला वापरू नका. दुसरी गोष्ट, तुमच्या अँटीव्हायरसच्या कंपनीचं 'रिमूव्हल टूल'. बहुतेक कंपन्यांचं असतं. कंपनीच्याच साइटवरून घ्या. गूगलवर पहिल्या दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक केलंत तर आण्णांचं दुखणं भाच्यालाही.

मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, तिथलं रीस्टार्ट आणि मग ४ चा आकडा. हा सेफ मोड, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टी घेऊन सुरू होतं. तिथं ते कुंपण बहुतेक उभंच राहत नाही. आधी स्कॅनर, मग टूल. टूल चालत नसेल तर फाइलचं नाव बदलून बघ, 'तालीम' ठेव. काही व्हायरस नाव बघून अडवतात.

प्रेषक: राजारामपुरीकर
रविवार, रात्री ८.१५

काकू, काल इथं दुपारी एकला, म्हणजे तिकडे कोल्हापुरात संध्याकाळी साडेसहाला, व्हिडिओ कॉल लावून बसलो. भाचा कीबोर्डवर, आण्णा मागे खुर्चीत. सेफ मोडची काळी पाटी आणि थोराड अक्षरं आली तसे आण्णा म्हणाले, "अरं, टीव्ही बिघडला काय रं?" त्यांना खुर्चीवरून उठू नका म्हणालो, पण स्कॅनर पूर्ण तपासणीला तीन तास घेणार असं दिसल्यावर ते गंगावेशीला धारोष्ण दूध प्यायला गेले. परत येईपर्यंत नऊ गोष्टी सापडल्या होत्या. मधे लाइट गेली, इन्व्हर्टरनं वाचवलं.

टूल पहिल्यांदा उघडलंच नाही. दोनदा क्लिक केलं, काही हालचाल नाही. नाव बदलून 'तालीम' केलं आणि उघडलं! भाचा खुर्चीतून उडाला. नंतर रीस्टार्ट झालं आणि डिफेंडरचा बिल्ला आपोआप हिरवा. मी काही दाबलंच नाही.

पण नेट जोडल्यावर डिफेंडर अपडेट होईना, बाकी साइट्स व्यवस्थित उघडत होत्या.

प्रेषक: सपोर्टवाल्या काकू
रविवार, रात्री ८.५०

होस्ट्स फाइल बघ, म्हणजे कुठल्या साइटसाठी कुठल्या पत्त्यावर जायचं याची विंडोजमधली यादी. विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं, नाहीतर सेव्ह होत नाही. तिथं माइक्रोसॉफ्ट नाहीतर अँटीव्हायरस कंपन्यांच्या नावापुढे १२७.०.०.१ असेल तर त्या ओळी पुसून टाक. हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. मशीन औषधाच्या दुकानाचा पत्ता विचारतं आणि त्याला स्वतःच्याच घराकडे पाठवलं जातं. प्रॉक्सी, म्हणजे नेट मधल्या दुसऱ्याच कॉम्प्युटरमार्फत वळवणारी सेटिंग, तीही बंद आहे ना ते बघ.

मग डिफेंडरची ऑफलाइन तपासणी एकदा लाव. मशीन स्वतः बंद होऊन सुरू होतं, पंधरा मिनिटं लागतात. विंडोज सुरू होण्याआधी बघतं, म्हणून लपून बसलेलंही दिसतं.

प्रेषक: राजारामपुरीकर
सोमवार, सकाळी ७.३०

सतरा ओळी होत्या! पुसल्या. अपडेट झाला, ऑफलाइन तपासणीत काही निघालं नाही. पानं शाबूत आहेत, फक्त जुन्या फॉन्टात असल्यानं दुसरीकडे उघडली की चिन्हांची खिचडी दिसते.

प्रेषक: सपोर्टवाल्या काकू
सोमवार, सकाळी ८.०५

फुकटातलं पॅकेज कशाला लागतं? २०१९ पासून विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडायचा. पुढची पानं त्यात लिहा. आणि हो, विंडोज १० असेल तर त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुदतवाढीत नाव घातलं तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

पेठकरचं म्हणणंही ऐक. मूळ जंतू कुठला होता ते कळलेलं नाही, तेव्हा पानं सुरक्षित ठिकाणी गेली की स्वच्छ विंडोज घालून टाका. त्यावर बँकेचं काम करायचं असेल तर नक्कीच.

प्रेषक: पेठकर
सोमवार, सकाळी ८.१२

म्हणजे शेवटी फॉरमॅटच ना!

प्रेषक: राजारामपुरीकर
सोमवार, सकाळी ८.४०

व्हय रं. पण पानं हातात ठेवून. येत्या पंधरवड्यात कोल्हापूरला कोण निघालंय? एक एक्सटर्नल हार्ड डिस्क आण्णांपर्यंत पोचवायची आहे. येताना बदल्यात तांबड्या रश्श्याचा मसाला घरून मिळेल, त्याची हमी आण्णांची.