वीआरएस २३० ला आयएस३८ टर्बो: पिगीबॅक, रिमॅप की स्टँडअलोन ईसीयू?

वीआरएस_होटगीरोड

स्कोडा ऑक्टाव्हिया वीआरएस २३०, २०१७ ची, ६१,००० किमी. मूळचा आयएस२० टर्बो, त्यावर स्टेज १ ची, म्हणजे मूळ पार्ट्सवरच ताकद वाढवणारी तयार सॉफ्टवेअर फाइल. आता त्याहून मोठा आयएस३८ घेऊन ठेवलाय. सोबत मोठा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), तीन इंची डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी) आणि उघड्या कोन फिल्टरचा इनटेक. बसवायच्या आधी इंजिन मॅनेजमेंटचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं (ईसीयू) ठरवायचंय. तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक म्हणतो आहे त्या फाइलवर पिगीबॅक बॉक्स लाव. दुसरा म्हणतो बाहेरची तयार आयएस३८ फाइल टाक, दोन तासांत मोकळा. तिसरा म्हणतो खरं काम करायचं तर स्टँडअलोनच, म्हणजे मूळ ईसीयू काढून वेगळा.

गाडी रोजची आहे, महिन्यातून दोनदा पुणे, घरचेही चालवतात. मे महिन्यात एसी लावून चालली पाहिजे. ३२०-३४० हॉर्सपॉवरच्या घरात आली तरी पुरे. काय करावं?

टर्बोअण्णा

आधी टर्बो घेतला आणि मग विचारताय, म्हणजे वरात दारात आणि हॉल अजून बुक नाही. असो, वेळ गेलेली नाही.

स्टँडअलोन डोक्यातून काढा. हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे. इंजेक्टर उघडायला जास्त व्होल्टेजचा ड्रायव्हर लागतो, हाय प्रेशर पंपाचा व्हॉल्व्ह कॅमच्या कोनाशी जुळवून चालवावा लागतो, शिवाय इलेक्ट्रिक वेस्टगेट (धूर टर्बोला बगल देऊन हवेचा दाब आवरणारी झडप) आणि कॅम फेजिंग (व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणं). एवढं सांभाळणारे महागडे ईसीयू आहेत, पण पुढची रड डीएसजीची, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. गिअरबॉक्स दर शिफ्टला इंजिनकडे 'टॉर्क कमी कर' म्हणून कॅनवर (गाडीतल्या डेटा वायरवर) निरोप पाठवतो आणि आत्ता किती टॉर्क आहे तेही विचारतो. ही भाषा नव्या ईसीयूला नीट शिकवली नाही तर शिफ्टला झटके, क्लस्टरवर दिव्यांची दिवाळी, एसीचा कॉम्प्रेसर त्याच्या मर्जीनं. रेसच्या गाडीला ठीक, घरच्यांच्या गाडीला नाही.

पिगीबॅक कसा चालतो ते समजून घ्या, मग निर्णय आपोआप होईल. तो बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि खोटं सांगतो. खरं प्रेशर (बाहेरच्या हवेचा दाब धरून) २.३ बार असलं तरी ईसीयूला २.० कळवतो. ईसीयूला वाटतं हवा कमी आहे, मग तो टेबलातल्या कमी लोडच्या घरातलं इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) उचलतो, म्हणजे जास्त अ‍ॅडव्हान्स. सिलिंडरमध्ये मात्र हवा जास्त. या इंजिनचं कॉम्प्रेशन ९.६:१ आहे, नॉकिंग (मिश्रण अवेळी फुटणं) ठरलेलंच. नॉक सेन्सर टायमिंग मागे खेचून वाचवतो, पण रोज वाचवत बसणं हा काही मॅप नव्हे. मूळ टर्बोवर थोडा बूस्ट वाढवायला बॉक्स चालून जातो. टर्बोच बदलल्यावर नाही.

उरला मूळ ईसीयूचा रिमॅप, म्हणजे त्याच्यातलीच टेबलं बदलणं. तुमचा ईसीयू सिमॉस १८.१, तो टॉर्कच्या हिशेबाने चालतो: पेडल किती दाबलं त्यावरून टॉर्क, टॉर्कवरून हवा, हवेवरून बूस्ट टार्गेट, आणि शेवटी वेस्टगेट किती बंद ठेवायचं. आयएस३८ ची हवा आयएस२० पेक्षा उशिरा येते आणि वरच्या आरपीएमला जास्त येते. वेस्टगेटचं टेबल जुन्याच टर्बोचं राहिलं तर साधारण ३,०००-३,५०० ला बूस्ट उसळी मारतो, ईसीयू थ्रॉटल बंद करतो आणि पी०२३४ (बूस्ट जास्त) कोड येतो. टार्गेट आयएस२० सारखं खालूनच मागितलं तर उलट पी०२९९ (बूस्ट कमी). म्हणून वेस्टगेट, बूस्टच्या मर्यादा, टॉर्कची टेबलं आणि टायमिंग हे चारही एकत्र बदलावे लागतात.

बाहेरची तयार फाइल पाया म्हणून चालेल, शेवट म्हणून नाही. दोन गोष्टी विचारून घ्या. ती ९.६:१ च्या इंजिनसाठी आहे का? आयएस३८ मूळचा ज्या गोल्फ आर आणि एस३ वर येतो त्यांचं कॉम्प्रेशन ९.३:१ आहे, तिथलं टायमिंग इथे जसंच्या तसं चालत नाही. आणि लॉग पाठवल्यावर ट्यूनर फाइल सुधारून देतो का? देत नसेल तर घेऊ नका, कितीही मोठं नाव असो.

शेंगाचटणी

अण्णांशी सहमत. पण सोलापूरचा हिशेब कुणी मांडलाच नाही, तो मांडतो.

आपण समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर. बाहेरचा हवेचा दाब १,०१३ नाही, ९६० मिलिबारच्या आसपास. मे महिन्यात दुपारी ४३ अंश. २० अंशांच्या, समुद्रकाठच्या हवेशी तुलना केली तर दाबामुळे ५ टक्के आणि उष्णतेमुळे ७ टक्के, मिळून १२ टक्के हवा पातळ. थंड देशातली फाइल २.३ बार मागते तेव्हा तिथला कॉम्प्रेसर हवा सुमारे २.२७ पट दाबतो. इथे तेच २.३ गाठायला २.४ पट, आणि फिल्टर-पाइपातला उतार धरला तर २.५ च्या जवळ. म्हणजे टर्बोचा शाफ्ट जास्त वेगाने फिरतो, निघालेली हवा जास्त गरम असते, आणि वरच्या आरपीएमला मिळत काहीच नाही. आयएस३८ चे सुरुवातीचे युनिट शाफ्ट तुटण्यासाठी बदनाम आहेत, त्यामुळे ६,००० च्या वर टार्गेट उतरतं ठेवा. खाली २.३ असलं तरी ६,५०० ला २.० च्या आसपास. ३३० हॉर्सपॉवरला एवढं भागतं.

तो उघडा कोन परत करा, किंवा त्याला बंद डबा आणि पुढच्या ग्रिलमधून पाइप द्या. सात रस्त्यावर सिग्नलला दोन मिनिटं थांबलात की तो बॉनेटखालची गरम हवाच ओढणार. आवाज छान येतो, तेवढंच.

पेट्रोल. फाइल रोज भरता त्या पेट्रोलवर करून घ्या, पुण्याहून आणलेल्या १०० ऑक्टेनवर नको. आता ई२० आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन. इथेनॉल नॉकिंगला मदत करतं, पण पंप आणि इंजेक्टरचा शिल्लक दम खातं. ट्यूनरशी बोलताना एएफआर (हे हवा-इंधन प्रमाण) बोलू नका, लॅम्डा (त्या इंधनाच्या आदर्श प्रमाणाच्या किती पट) बोला. लॅम्डा ०.८२ हा कुठल्याही पेट्रोलला ०.८२ च असतो.

डायरेक्ट इंजेक्शनला वेळही कमी. ६,५०० ला इंजिनची एक फेरी ९.२ मिलिसेकंदांत होते, त्यात इनटेक स्ट्रोक जेमतेम ४.६. पोर्ट इंजेक्शनसारखी अख्ख्या चक्राची १८.५ मिलिसेकंदं इथे मिळत नाहीत. म्हणून रेल प्रेशर (इंजेक्टरआधीच्या नळीतला इंधनाचा दाब) पडलं की इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भागवता येत नाही.

आत्ताच्या फाइलचा लॉग आहे का? असेल तर टाका, मग बोलू.

वीआरएस_होटगीरोड

आहे. तिसरा गिअर, बाहेर ३९ अंश. ६,००० आरपीएमचे आकडे:

बूस्ट टार्गेट २.१०, प्रत्यक्ष २.०८
लॅम्डा टार्गेट ०.८२, प्रत्यक्ष ०.८७
रेल टार्गेट २०० बार, प्रत्यक्ष १५८
इनटेक तापमान सुरुवातीला ५१, शेवटी ६८
टायमिंग करेक्शन, सिलिंडर १ ते ४: -३.०, -५.३, -४.५, -३.८

बूस्ट तर बरोबर आहे ना?

शेंगाचटणी

बूस्ट बरोबर आहे, बाकी काहीच नाही. आयएस३८ ला अजिबात हात लावू नका.

स्टेज १ ला या इंजिनचं रेल प्रेशर २०० वरून १५८ ला पडत नाही, पडायला नको. इंधन कमी पडतंय म्हणून लॅम्डा ०.८७, म्हणजे मिश्रण पातळ. त्यात ६८ अंशांची हवा, म्हणून चारही सिलिंडर टायमिंग मागे घेतायत. एकाच सिलिंडरचं करेक्शन वाईट असतं तर प्लग, कॉइल किंवा एका इंजेक्टरवर संशय घेतला असता. चारही एकत्र म्हणजे इंधन आणि उष्णता.

आता पुन्हा लॉग काढा, यावेळी टाकीकडून येणाऱ्या इंधनाच्या लो प्रेशरचं टार्गेट आणि प्रत्यक्ष हे दोन्ही चॅनेल घ्या. लो प्रेशरही सोबत पडत असेल तर दोष टाकीकडे: पंप, फिल्टर, पंपाचा कंट्रोल मॉड्यूल किंवा वायरिंग. पंपाच्या कनेक्टरवर लोडमध्ये व्होल्टेज मोजा, बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर अर्थिंग आणि पिना साफ. लो प्रेशर ठाम आणि फक्त रेल पडत असेल तर हाय प्रेशर पंप, त्याचा रोलर टॅपेट, किंवा गळता इंजेक्टर. पंप काढाल तेव्हा टॅपेटच्या रोलरवर बोट फिरवून बघा. गुळगुळीत हवा, खरखर लागली तर कॅमचे लोबही तपासा.

हे दुरुस्त होईपर्यंत स्टेज १ काढून मूळ फाइल टाका. मूळ फाइल ठेवलीय ना जपून?

वीआरएस_होटगीरोड

ठेवलीय, पेनड्राइव्ह आणि मेल दोन्हीकडे. दोन्ही चॅनेल घेऊन पुन्हा काढतो. गिअरबॉक्सचं कुणी बोललं नाही.

गिअरपेटी

तुमचा गिअरबॉक्स सहा स्पीड वेट क्लच (तेलात बुडालेल्या क्लचचा) डीक्यू२५०. आयएस३८ वर फक्त इंजिनचा मॅप केला तर टीसीयू (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) अजून जुन्याच टॉर्कप्रमाणे क्लच दाबतो. चौथ्या-पाचव्यात पूर्ण दाबलं की आरपीएम ३००-४०० वर उडतं आणि वेग तसाच. तो क्लच घसरतोय. असं दोन-चारदा झालं की तेल जळतं, प्लेटा काळ्या.

म्हणून टीसीयूची फाइल त्याच ट्यूनरकडून, त्याच दिवशी: टॉर्कची मर्यादा वर, क्लच प्रेशर वर. त्याआधी डीएसजी तेल आणि फिल्टर नवे. ६०,००० ला तसंही ड्यू आहे, तुमचं ६१ झालंय. लेव्हल तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून बघतात. थंड गाडीत भरून बोल्ट लावणाऱ्याकडे जाऊ नका. तेल फुगलेलं नसतं, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त बसतं.

मॅपमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला टॉर्क कमी ठेवायला सांगा. पुढची चाकं ओढणारी गाडी आहे, ४५० एनएम दुसऱ्यात दिले तर टायरचा धूर निघेल, गाडी तिथेच. ३,००० च्या खाली पूर्ण टॉर्क मागूच नका. कनेक्टिंग रॉड वाकतात ते कमी आरपीएमच्या जास्त टॉर्कने, वरच्या हॉर्सपॉवरने नाही.

कडकभाकरी

कायद्याची बाजू पण बघा की. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि १८२अ(४) मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमावाला पहिलं बॉनेट उघडतो. कॅटशिवायची (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवायची) डाउनपाइप तर लावूच नका. मागचा सेन्सर पी०४२० (कॅट काम करत नाही) कोड देतो, फाइलमध्ये तो बंद केला तरी पीयूसीच्या नळीला फाइल कळत नाही. २०० सेलचा कॅट असलेली घ्या, या पॉवरला आवळत नाही.

आणि लॉगसाठी विजापूर रोड धरू नका. गाळपाच्या हंगामात दिवे नसलेली उसाची ट्रॉली कुठे उभी असेल सांगता येत नाही. पुण्याला डायनो (गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) बुक करा, दोन तासांत पूर्ण पेडल दाबून आठ-दहा चाचण्या होतात, आणि मध्ये मोठा पंखा लावून इंटरकूलर थंड करता येतो.

टर्बोअण्णा

रेल प्रेशरचा निकाल लागला की क्रम असा ठेवा. आधी आयएस२० वरच इंटरकूलर बसवा आणि पुन्हा लॉग घ्या. तापमान किती उतरलं ते कळेल, आणि नंतर काही बिघडलं तर दोष टर्बोचा की बाकीचा हेही कळेल. मग स्मोक मशीनने गळती तपासा. इंटरकूलरच्या क्लिपांमधले ओ-रिंग नेहमीचे चोर.

टर्बो बसवताना ऑइल फीड लाइन, कॉपर वॉशर, रिटर्नचं गॅस्केट सगळं नवं. जुन्या लाइनमध्ये जळालेल्या तेलाची खरड असते, ती नव्या बेअरिंगमध्ये गेली की संपलं. ऑइल इनलेटमधून स्वच्छ तेल ओता, शाफ्ट बोटाने फिरवा. इंजेक्टर आणि प्लगची ठिणगी बंद ठेवून दहा-दहा सेकंद तीनदा क्रँक करा, मधे मिनिटभर थांबा, मग स्टार्ट. इलेक्ट्रिक वेस्टगेटचं अ‍ॅडाप्टेशन डायग्नॉस्टिकने करा. ते न करता बूस्ट नाही म्हणून फाइलला दोष देणारे फार. प्लग एक पायरी थंड, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. जास्त बूस्टला मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते आणि इंजिन वर अडखळतं.

फ्लॅश करताना (ईसीयूत फाइल भरताना) बॅटरीला चार्जर लावून १३ व्होल्टच्या वर ठेवा, एसी-दिवे-पंखे बंद. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू बेंचवर काढावा लागतो. आणि सर्व्हिसला देताना 'सॉफ्टवेअर अपडेट करू नका' असं जॉबकार्डवर लिहून घ्या, नाहीतर आयएस३८ वर मूळ फाइल बसवून गाडी परत येईल.

पहिली फाइल १.८ बारची. लॉग स्वच्छ आला तर ०.१ ने वर. कुठल्याही सिलिंडरचं करेक्शन -४ च्या पलीकडे टिकून राहिलं, रेल टार्गेटपेक्षा १५ बारने खाली गेलं, किंवा लॅम्डा ०.०३ ने पातळ झाला, तर तिथेच थांबायचं आणि एक पायरी खाली यायचं. तुमच्या आत्ताच्या लॉगमध्ये हे तिन्ही आहेत.

वीआरएस_होटगीरोड

दोन्ही चॅनेलचा लॉग निघाला. लो प्रेशरही सोबतच पडतंय. पंपाच्या कनेक्टरवर १२.१, बॅटरीवर १३.९. उद्या टाकीवरचं झाकण उघडतो.

शेंगाचटणी

१.८ व्होल्ट वाटेत जातायत. पंप मागवायच्या आधी त्याच कनेक्टरची अर्थ पिन बघा, काळी पडली असेल. टाकी निम्म्याहून कमी असतानाच झाकण उघडा, आणि आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा.