बसरा स्मारकावर मराठा शिपायाचं नाव का सापडत नाही?

प्रश्न – शोधक_सातारा
११७ मराठा पलटणीतल्या, सातारा जिल्ह्यातल्या एका शिपायाची नोंद शोधतो आहे. माहिती एवढीच : पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूत शहराच्या वेढ्यात होते, साल १९१६, परत आले नाहीत. इंडिया गेटवर नाव नाही. इराकमधल्या बसरा युद्धस्मारकाच्या फोटोंत फलक पाहिले, तिथेही नाही. मग नोंद गेली कुठे?

उत्तर – पलटण_नोंदी
इंडिया गेटवर सुमारे १३ हजारच नावं आहेत, आणि त्यांत भर वायव्य सरहद्द आणि १९१९ च्या अफगाण युद्धाचा. मेसोपोटेमियासाठी, म्हणजे आजच्या इराकसाठी, बसराच बघायचं.

पण बसऱ्याच्या फलकांवर नावं कोरली ती ब्रिटिशांची आणि सुभेदार-जमादारांसारख्या हिंदी अधिकाऱ्यांची. शिपाई, नाईक, हवालदार यांचा पलटणीखाली नुसता आकडा. फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर मात्र साध्या शिपायाचंही नाव कोरलेलं आहे. हा भेदभावच होता. या स्मारकांची आणि नोंदींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या अहवालात तो मान्य करून माफी मागितली.

तुमच्या शिपायाचं नाव दगडावर नसलं तरी कमिशनच्या नोंदवहीत असू शकतं. ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते.

उत्तर – मोडी_वाचक
तिथे शोधताना बहुतेकांचं स्पेलिंगपाशी अडतं. जाधवच्या शेवटी बऱ्याचदा व्ही नसून ओ असतो, पवारमध्ये पी नंतर ए ऐवजी ओ. शिवाय अनेक हिंदी शिपायांचं अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात भरलेलं आहे, म्हणून तिथे नुसतं पाळण्यातलं नावही टाकून बघा.

त्याहून खात्रीचा मार्ग : नाव रिकामं सोडा. सैन्य 'इंडियन आर्मी', रेजिमेंट '११७ मराठा', देश इराक. 'मराठा लाइट इन्फन्ट्री' टाकू नका, ही पलटण त्या वेळी नुसती '११७ मराठाज' होती. मग अधिक माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव द्या. पुष्कळ नोंदींत 'अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, सातारा' असं लिहिलेलं असतं. कोकणातल्यांनी रायगडऐवजी कुलाबा, सिंधुदुर्गाऐवजी रत्नागिरी लिहावं.

तारीख १९१६ वर अडवू नका. कूत २९ एप्रिल १९१६ ला पडलं आणि नंतर पुष्कळ जण कैदेत मरण पावले. १९१८ अखेरपर्यंत शोधा.

शोधक_सातारा
गावाच्या नावावरून एक नोंद मिळाली! वडिलांचं नाव जुळतं, पण शिपायाच्या नावातलं एक अक्षर चुकलंय. दुरुस्त होतं का? आणि बसऱ्याला जाऊन दर्शन घेता येईल?

उत्तर – पलटण_नोंदी
दुरुस्ती होते, पुरावा लागतो. पेन्शनचा कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर आणि नाव, असं काहीतरी. पदक पॉलिश करू नका, कडेची अक्षरं झिजतात. आधी सर्व्हिस नंबर जुळवा. एकाच पलटणीत त्याच नावाचे तीन-चार जण सहज निघतात, आणि दुसऱ्याच घरचा माणूस आपला म्हणून नोंदला जातो.

स्मारक मूळ जागी नाही. १९९७ मध्ये ते बसऱ्याजवळच्या नौदल गोदीतून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर लांब नेलं. जायचा विचार असेल तर सुरक्षेची ताजी सूचना आधी पाहा. नोंदीतला फलक क्रमांक मात्र आत्ताच टिपून ठेवा. तो पलटणीचा फलक आहे, तिथे नावाऐवजी आकडाच दिसेल.